तुझी खाडी, माझा प्रोग्राम

शैला,

काल आम्ही रोह्याला जाऊन आलो. तेराव्याची जेवणं झाली, पाहुणे पांगले, आणि तुझ्या मावशींनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. टेबलावर कॉम्प्युटर तसाच होता. धूळ बसू नये म्हणून तू त्याच्यावर तुझी निळी ओढणी टाकायचीस, तीही तशीच. मावशी म्हणाल्या, "हा तुझा तू घेऊन जा. मला बघवत नाय." मी नेला नाही. वायर तेवढी काढली आणि बाहेर ओटीवर येऊन बसले.

तिथे तुझ्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही शैलाच्या कोण? मला पटकन सांगता येईना. नात्यातली नाही, शाळेतली नाही. आम्ही दर रविवारी एक खेळ खेळायचो, असं तेराव्याच्या दिवशी कुणाला कसं सांगायचं? मी नुसतं 'पेणची मैत्रीण' म्हटलं. रात्रभर ते उत्तर मला अपुरं वाटत राहिलं. म्हणून हे लिहिते आहे. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने ते कसं घडलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

खेळ तुझ्याकडे आला तो तुझ्या बोटीवरच्या काकांकडून. कुठल्याशा बंदरात त्यांनी एक खोका घेतला होता. आत जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि विचित्र फासे, कुणाला चार तोंडं, कुणाला बारा, एकाला तर वीस. तुझा धाकटा भाऊ दिनकर ते गणपतीच्या मुकुटात बसवायला निघाला होता. तू त्याच्या हातातून काढून घेतलेस, मेची सुट्टी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचण्यात घालवलीस, आणि जूनमध्ये मला, दिनकरला आणि गजाननला हमरापूरच्या तुमच्या मूर्तींच्या कारखान्यात बोलावलंस. आजूबाजूला न रंगवलेले पांढरे गणपती आणि मधे आपण चौघं. गजानन खाडीकडचा, मिठागरातल्या घरातला, पण तेव्हा नुकताच टेलिफोनमध्ये लाइनमन झालेला. त्याने विचारलं, जिंकतो कोण? तू म्हणालीस, "कोणी नाय. ह्यात जिंकायचं नसतं. दुसरं कुणीतरी व्हायचं असतं."

म्हणजे कसं, ते तू करून दाखवलंस. एकजण सांगणार, समोर काय आहे. बाकीच्यांनी एकेका माणसाचं सोंग घ्यायचं आणि त्या माणसाने काय केलं ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. गजानन तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या झाला. दिनकर किल्ल्यावरचा हेर झाला. मी वैदीण झाले, कारण तू म्हणालीस मला उगाच काळजी करायची सवय आहे. सांगणारी तू. ती जागा तुझ्याशिवाय कुणाला सुचलीच नाही.

पुस्तकातलं बर्फ, गुहा आणि खवल्यांचे राक्षस तू पहिल्याच दिवशी काढून टाकलेस. त्यांच्या जागी खाडी आणलीस. एक बंदर, दोन किल्ले, मिठागरं, खारजमीन, तिच्याभोवती बांध, आणि त्या बांधांवर जगणारी गावं. रोह्याला मावशींकडे राहून शाळेत गणित शिकवणारी तू, त्यामुळे साधं काही तुला चालेना. भरती-ओहोटीचं कोष्टक केलंस. दर सहा तासांनी नकाशावरचे कुठले चौकोन पाण्याखाली जाणार, कुठले चिखलाचे होणार, वारा कुठला, होडीत वजन किती, माणूस किती दिवसांचा उपाशी, जखम कुठल्या हाताला, या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून मग फासा टाकायचा. एका वहीच्या चार वह्या झाल्या. दिनकरने शाडूची अंगठ्याएवढी माणसं केली. ती आम्ही प्लायवूडवर खडूने आखलेल्या चौकोनांत उभी करायचो.

आणि खेळ अडायला लागला. ओहोटीच्या वेळी चिखलात झालेली एक चकमक आपल्याला तीन रविवार पुरली, आठवतं? गजानन एक वाक्य बोलणार, "मी वल्हं मारतो त्याच्या डोक्यात," आणि तू "थांबा हां" म्हणून वहीत डोकं घालणार. पंधरा मिनिटं पेन्सिल चालू. आम्ही चहा पिणार, दिनकर उठून एखाद्या मूर्तीचा सोवळ्याचा काठ रंगवून येणार. मी कंटाळायचे. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. मनात म्हणायचे, इतकं सुंदर सांगते ही, आणि सगळा जीव बेरजांत घालवते.

मी तेव्हा एस.टी. स्टँडच्या मागच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. मुलं गेली की मशीन मोकळं असायचं. तुझ्या चार वह्या 'शुद्ध लिहून देते' अशी थाप मारून घेऊन गेले आणि सहा महिने त्यांच्यावर प्रोग्राम लिहीत बसले. नकाशा पडद्यावर आला. निळे चौकोन पाणी, तपकिरी चिखल, हिरवी जमीन. एक बटण दाबलं की सहा तास पुढे, आणि पाणी आपोआप चढायचं. खेळणारे जिथे पोचले नाहीत तो भाग काळा राहायचा, त्यामुळे तुला पुठ्ठा धरून नकाशा झाकायला नको. वजन, वारा, भूक, जखम सगळं तो लक्षात ठेवायचा. फासासुद्धा तोच टाकायचा.

मला वाटलं होतं, तू नाचशील. तू पडद्याकडे बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे आता हा खेळणार आणि आपण बघायचं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. बाकी सगळं तू हळूहळू मान्य केलंस, पण फाशावर अडून बसलीस. फासा माणसानेच टाकायचा, आणि काय पडलं ते त्याने सांगायचं. मी म्हटलं, लोक खोटं सांगतील. तेव्हा तू जे म्हणालीस ते मी अजून कुणाकुणाला ऐकवते. "खोटं बोलायची सोयच नसेल, तर खरं बोलण्यात काय राहिलं गो?" गजाननने एकदा चारचे चौदा सांगितले होते. दोन आठवड्यांनी चहा पिताना त्याने आपणहून कबूल केलं. तुला ते त्याच वेळी कळलं होतं, तरी तू त्याला पंधरा दिवस दिलेस. माझ्या प्रोग्रामने दिले नसते, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचे, दिवस द्यायचे तर नियम कशाला? शेवटी मी दोन्ही सोयी ठेवल्या आणि तू माझी सोय एकदाही वापरली नाहीस.

पण मला लिहायचं आहे ते प्रोग्रामवर खेळलो त्या पहिल्या रविवारबद्दल. क्लासला सुट्टी होती. तू रोह्याहून दुपारच्या गाडीने आलीस. पडद्यासमोर आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो, आणि जी चकमक तीन रविवार चालली असती ती वीस मिनिटांत संपली. आम्ही वेडे झालो. गजानन म्हणे, पुढे काय? दिनकर म्हणे, ताई, पुढे? मी तर सगळ्यांत जास्त. तू सांगत होतीस, आम्ही उत्तर देत होतो, बटण दाबलं की हिशेब तयार, आणि तू पुन्हा सांगत होतीस. तासाभराने किल्ल्याच्या दरवाज्याशी आलो, आणि तू वाक्याच्या मधे थांबलीस. टेबलाची कड धरलीस. मला वाटलं, नाट्य करते आहेस. दिनकर आधी उठला. तुझे ओठ जांभळे झाले होते.

लहानपणी ताप येऊन तुझ्या हृदयाची झडप बिघडली होती, हे आम्हाला माहीत होतं. कुणाला दमा असतो, कुणाला मुतखडा, तसं ते तुझ्याबद्दल माहीत होतं इतकंच. तू त्याच्याबद्दल बोलायची नाहीस, म्हणून आम्ही ते किरकोळ समजलो.

संध्याकाळी तुला गाडीत बसवायला मी स्टेशनवर आले. बाकावर बसून तू पाणी प्यालीस. मी म्हटलं, फार दमलीस आज. तू हसत म्हणालीस, "बेरीज करताना मला बसायला मिळायचं गो. ती माझी बसायची जागा तू काढून घेतलीस."

हसत म्हणालीस, म्हणून मीही हसले. गाडी गेल्यावर फलाटावर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू गंमत केली नव्हतीस. ती पंधरा-पंधरा मिनिटांची पेन्सिल! कधी कधी एवढी मोठी बेरीज नव्हतीच. तू मान खाली घालून श्वास गोळा करत होतीस, आणि मी चहा पीत कंटाळत होते. तुझं काम सोपं करायचं म्हणून मी सहा महिने राबले आणि तुझा विसावाच उचलून नेला. याची माफी मी मागितली नाही. मागितली असती तर तू टाळी देऊन विषय बदलला असतास, हे खरं. पण मागायला हवी होती.

नंतर गाडीच्या उंच पायऱ्या तुला झेपेनात. तू पेणला यायचं बंद केलंस. शाळा रिक्षाने कशीबशी चालू होती, खेळ मात्र बंद पडला. दोन महिने रविवार आले आणि गेले. मग गजानन एक दिवस क्लासमध्ये आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "आवाज तारेतून जातो, मग तुझा नकाशा का नाय जाणार?" फोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटर जोडणारं मोडेम काय असतं ते मी शिकवत होते, पण हे मला सुचलं नव्हतं.

क्लासचा जुना कॉम्प्युटर आम्ही गोधडीत गुंडाळून पॅसेंजरने रोह्याला नेला. पडदा गजाननच्या मांडीवर. कासू स्टेशनला चढलेल्या एका बाईने विचारलं, टी.व्ही. घेतलात काय? गजानन म्हणाला, "नाय, खाडी हाय." ती निडीला उतरेपर्यंत आमच्याकडे बघत होती.

मावशींना ते अजिबात आवडलं नव्हतं. फोन त्यांनी मुलासाठी, सुनीलसाठी घेतला होता. तो परदेशात नोकरीला, आणि त्याचा फोन रविवारी दुपारीच यायचा. त्याच वेळी आम्ही तीन तास लाइन अडवून बसणार. तू म्हणालीस, "मावशीचं मी बघते." काय बघितलंस ते विचारायचं मला सुचलं नाही.

फोनची लाइन मशीनने घेतली की बोलता येत नाही. त्यामुळे तुझा आवाज गेला आणि अक्षरं आली. रोमन लिपीतली मराठी, एकेक अक्षर, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात. वर नकाशा, खाली तू. आम्ही तिघं पेणला त्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसायचो. फासा आम्ही इथे टेबलावर टाकायचो आणि काय पडलं ते तुला लिहून कळवायचो. तू विश्वास ठेवायचीस.

शैला, ते दिवस आपल्या खेळाचे सगळ्यांत चांगले दिवस होते. मी हे प्रोग्रामच्या कौतुकाने म्हणत नाही. तू पुनवेच्या उधाणात बांध फोडलास, तो रविवार घे. बांधाला खांड पडली, पाणी आत घुसलं. शंभरावर चौकोन एकामागून एक खारे होणार, प्रत्येकातली माणसं, गुरं, भात, होड्या, कोण किती वेळ तग धरणार. वह्यांवर हा प्रसंग कुणाच्याने चालवला गेला नसता. तुझ्यानेही नाही. तो हिशेब मशीनने केला, आणि तू फक्त तीन वाक्यं लिहिलीस. 'पाण्याचा आवाज आला नाही. आधी कुत्री गप्प झाली. मग चुलीतला विस्तव विझल्याचा वास आला.' मी ती वहीत उतरवून ठेवली आहेत. गजानन फासा हातात धरून बसून राहिला. मी म्हटलं, टाक ना. तो म्हणाला, "माझ्या आजीने खांड गेलेली बघितली. ती असाच सांगायची, कुत्र्यांचा." मग तो उठून बाहेर गेला आणि तोंड धुऊन आला. त्या दिवशी तांडेलाने तेवीस माणसं होडीत घेतली. होडी तेवढ्यांची नव्हती. नियमाने ती बुडायला हवी होती, आणि बुडली नाही. मशीनचा आकडा तू बदललास का, हे मी विचारलं तर तू एवढंच लिहिलंस, 'वारा पडला होता.'

मला नोंदी काढून बघता आल्या असत्या. मी बघितल्या नाहीत. आपल्या भांडणात मी तुला एवढं एकच दिलं, आणि तेही तुला सांगितलं नाही.

पण माझी दुसरी चूक याच दिवसांतली आहे. तुझ्या अक्षरांना धाप लागत नव्हती. कधी ती थांबायची, मिनिट, दोन मिनिटं, कधी पाच. आम्हाला वाटायचं, विचार करते आहे. किंवा लाइन खराब आहे, म्हणून गजानन आपल्याच खात्याला शिव्या द्यायचा. स्टेशनवर मला जे कळलं होतं तेच मी पुन्हा विसरले. ओठ दिसत नव्हते म्हणून विसरले. तू दर रविवारी इतकं ताजं लिहायचीस की मी दिनकरला म्हणालेसुद्धा, तुझी ताई आता बरी दिसते. दिसते! मी तुला चार महिने बघितलंच नव्हतं.

दिवाळीत आले तेव्हा तू भिंतीला तीन उशा लावून बसून झोपली होतीस. पाय सुजलेले. जागी झालीस आणि माझा चेहरा बघून म्हणालीस, "रविवारचं बोल. दुसरं काय बोलू नको." मी रविवारचं बोलले. दोन तास आपण खेळातल्या त्या नव्या दीपगृहाबद्दल बोललो. निघताना तुझ्या पायांबद्दल विचारायचं होतं, डॉक्टर काय म्हणाले विचारायचं होतं, भीती वाटते का हे विचारायचं होतं. तू बोलू नको म्हणालीस आणि मला ते ऐकणं सोयीचं वाटलं.

मुंबईला ऑपरेशनला जायच्या आधीच्या रविवारी तू लिहिलंस, 'पुढच्या रविवारी नाही. त्याच्या पुढच्या तीन-चार रविवारीही नाही. तोवर कोणी किल्ल्यात शिरू नका.' ऑपरेशन झालं. दिनकरने फोन करून सांगितलं, झडप बसवली, ताई बोलली. पाचव्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा तो 'ताई' एवढंच म्हणाला. मला कळलं.

काल मी ओटीवर बसले होते तिथे मावशी येऊन बसल्या. वालाची पाटी पुढे ओढून सोलायला लागल्या. हाताला काहीतरी हवं होतं त्यांना. मी म्हटलं, मावशी, आम्ही तिला फार दमवलं का? खेळ नसता तर ती जास्त दिवस राहिली असती का? हा प्रश्न मी दोन आठवडे घेऊन फिरत होते. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, "सोमवारी ती आजारी होती, मंगळवारी आजारी होती. शनिवारी तर उठवत नसे. रविवारी दुपारी ती आजारी नसायची गो. वेणी घालायची, साडी बदलायची. बघणारा कोण तिकडे? मशीन. तरी बदलायची." आणखी एक शेंग सोलून म्हणाल्या, "मी सुनीलला सांगितला, तू सकाळचा फोन करत जा. दुपारी शैला खाडीवर असते."

म्हणजे मावशींचं तू असं बघितलं होतंस. किंवा कदाचित तू काहीच केलं नव्हतंस, त्यांनीच बघितलं होतं.

परतीच्या गाडीत मी आणि गजानन समोरासमोर बसलो. दिनकर तुझ्या मावशींकडे राहिला. नागोठणं गेलं. मग गजानन म्हणाला, "तू चालव आता." मी म्हटलं, मला सांगता येत नाही शैलासारखं. तो म्हणाला, तिच्यासारखं कोण सांगतोय, तुला येईल तसं सांग, हिशेब मशीन करेल. मी म्हटलं, तेवीस माणसं होडीत बसवायची हिंमत मला होणार नाही. त्याने खिडकीबाहेर बघितलं. खारजमिनीवर ऊन होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "होडीचा राहू दे. एक सांग. बोलता बोलता तुला कधी बसावासा वाटला, तर आमाला सांगशील ना? का तू पण वहीत तोंड घालशील?"

म्हणजे तुझ्या बेरजांचं त्यालाही ठाऊक होतं. मी सांगेन म्हटलं. तुझ्यासमोर सांगते, शैला, सांगेन.

तुझी,
मंगल